सोडून गेलेल्यांसाठी गाणी: इटालियन प्रेमकाव्य आणि त्याचं संगीत – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पाश्चात्त्य संगीत थोडंफार ऐकणाऱ्या, पण जुन्या इटालियन गाण्यांच्या वाटेला फारसं न गेलेल्या मराठी श्रोत्यांसाठी हे पान आहे. प्रश्न पहिल्यापासून ओळीने वाचायला हवेत असं नाही. मात्र अरिआन्नाबद्दलचे प्रश्न वगळू नका, बाकीच्या बऱ्याच गोष्टी तिच्याभोवतीच फिरतात.

नेमक्या कुठल्या काळातल्या गाण्यांबद्दल बोलतोय आपण?

मुख्यतः सन 1500 ते 1660. या काळात इटलीतल्या फेरारा, मांतुआ, फ्लोरेन्स, व्हेनिस अशा शहरांत कवी आणि संगीतकार एकमेकांच्या फार जवळ होते. आधी मॅड्रिगल आलं, म्हणजे चार-पाच आवाजांनी मिळून गायची कविता. सन 1600च्या आसपास एकच आवाज आणि खाली साध्या साथीचे खर्जातले स्वर अशी एकल गाणी आली. त्यातून ऑपेरा, त्यातला विलाप (इटालियनमध्ये ‘लामेंतो’) आणि घरगुती मैफिलीत गायची कांताता निघाली. प्रेमभंगाची इटालियन गाणी पुढेही लिहिली गेलीच. तोस्तीची एकोणिसाव्या शतकाअखेरची गाणी आणि नेपल्सची लोकप्रिय गाणी आजही मैफिलींत गायली जातात. पण ती वेगळी गोष्ट आहे.

पेत्रार्काचं नाव जिथे तिथे का येतं?

कारण दुःखाची शब्दसंपत्ती त्याने पुरवली. फ्रांचेस्को पेत्रार्का (1304–1374) याच्या ‘कान्झोनिएरे’त 366 कविता आहेत आणि त्यातल्या बहुतेक लाउरासाठी. तो सांगतो की 6 एप्रिल 1327 रोजी आविन्योंच्या एका चर्चमध्ये त्याने तिला पाहिलं आणि 1348 साली त्याच तारखेला ती गेली. ती त्याची कधी झालीच नाही, त्यामुळे ती त्याला सोडून गेली असंही म्हणता येत नाही.

या कविता लिहून झाल्यावर सव्वाशेहून अधिक वर्षांनी संगीतकारांच्या हाती नव्याने लागल्या. 1501 साली व्हेनिसमध्ये पिएत्रो बेम्बोने संपादित केलेली पेत्रार्काची सुटसुटीत आवृत्ती आल्दो मानुत्सिओने छापली. त्याच वर्षी, त्याच शहरात पेत्रुच्चीने बहुस्वरी संगीताचं पहिलं छापील पुस्तक काढलं. पुढे बेम्बोने 1525च्या ग्रंथात पेत्रार्काच्या ओळींतला स्वर-व्यंजनांचा नाद उलगडून दाखवला: कुठे ओळ जड होते, कुठे मऊ. संगीतकारांना यातून कामाची गोष्ट मिळाली. कवितेचा अर्थच काय, तिचा आवाजही सुरांत बसवता येतो. आद्रियान विलार्टच्या 1559च्या ‘मुसिका नोव्हा’ संग्रहातल्या 25 मॅड्रिगलांपैकी 24 पेत्रार्काच्या सुनीतांवर आहेत.

एकट्या माणसाचं दुःख पाच जण मिळून गातात, हे विचित्र नाही का?

हा माझा आवडता प्रश्न. उत्तर कानांनीच शोधावं.

लुका मारेन्त्सिओने 1599 मध्ये पेत्रार्काचं ‘सोलो ए पेन्सोसो’ हे सुनीत बांधलं. एकटा आणि विचारात बुडालेला मी ओसाड रानांतून संथ पावलांनी हिंडतो, असं कवी म्हणतो. सर्वांत वरचा आवाज अर्ध्या-अर्ध्या स्वराच्या अंतराने वर चढत जातो, घाई न करता, जणू प्रत्येक पाऊल मोजून टाकतोय. खालचे चार आवाज आपापल्या वाटेने चाललेले असतात. ऐकणाऱ्याला गर्दी जाणवत नाही. एकाच डोक्यात चाललेले पाच विचार जाणवतात.

दुसरं उदाहरण क्लाउदिओ मोंतेवेर्दीच्या 1603च्या चौथ्या संग्रहातलं, ‘आह दोलेन्ते पार्तीता’. शब्द ग्वारीनीच्या ‘इल पास्तोर फीदो’ या नाटकातले, निरोप घेणाऱ्या मिर्तील्लोचे. सुरुवातीला वरचे दोन आवाज एकाच स्वरावर उभे राहतात. मग एक तिथेच थांबतो आणि दुसरा त्याच्यापासून दूर सरकतो. दोघांत कानाला टोचणारं अंतर पडतं. ताटातूट झाली, आणि ती दोन आवाजांत झाली. एकट्या गायकाला हे करताच आलं नसतं.

प्रत्येक कवितेत कुणी ना कुणी ‘मरतोय’. इतकं कशासाठी?

निम्मा संकेत, निम्मा चावटपणा. आर्कादेल्तच्या 1539 मधल्या ‘इल ब्यांको ए दोल्चे चीन्यो’मध्ये हंस गात मरतो आणि प्रियकर रडत मरतो. शेवटी प्रियकर म्हणतो की असं मरण मिळत असेल तर दिवसातून हजारदा मरायला माझी ना नाही. हे कुठलं मरण ते तेव्हाच्या श्रोत्यांना बरोबर कळत होतं. चिप्रियानो दे रोरेच्या ‘आंकोर के कोल पार्तीरे’मधला प्रियकर म्हणतो, निरोप घेताना जीव जातो, तरी घडोघडी निरोप घ्यावासा वाटतो, परतण्यात इतकं सुख आहे. सोळाव्या शतकात ही रचना प्रचंड गाजली. वादकांनी तिच्यावर हव्या तितक्या आलंकारिक ताना चढवल्या.

म्हणून ‘मोरिरे’ हा शब्द दिसला की लगेच रुमाल काढू नका. आधी खरोखर कुणी सोडून गेलंय का ते बघा.

अरिआन्नाचा विलाप इतका महत्त्वाचा का मानतात?

कथा जुनी आहे. क्रीटच्या राजाची मुलगी अरिआन्ना परक्या थीसिअसच्या प्रेमात पडते. भुलभुलैयातून बाहेर पडायला त्याला दोरा देते आणि आई-बाप, देश सोडून त्याच्याबरोबर निघते. नाक्सोस बेटावर ती झोपलेली असताना तो जहाज घेऊन निघून जातो. रोमन कवी कातुल्लुस आणि ओव्हिड यांनी ही गोष्ट गाजवली होतीच. 1608 साली मांतुआच्या दरबारात राजपुत्र फ्रांचेस्को गोन्झागा आणि सव्हॉयची मार्गेरिता यांच्या लग्नानिमित्त ओत्ताव्हिओ रिनुच्चिनीने तिच्यावर ऑपेराची संहिता लिहिली. संगीत मोंतेवेर्दीचं. पहिला प्रयोग 28 मे रोजी झाला.

लग्नाच्या मांडवात टाकून दिलेल्या बाईचं रडगाणं! पण आधीच्या मसुद्याबद्दल दरबारातून तक्रार आली होती की प्रकरण फार कोरडं आहे. विलाप त्यानंतरच वाढवला गेला असावा, असं काही अभ्यासकांचं मत आहे. शिवाय शेवटी बाकूस देव येऊन तिच्याशी लग्न करतो, त्यामुळे पाहुणे आनंदात घरी गेले.

पडद्यामागची हकीकत मात्र जड आहे. मोंतेवेर्दीची पत्नी क्लाउदिआ सप्टेंबर 1607 मध्ये वारली होती. अरिआन्नाची भूमिका कातेरिना मार्तिनेल्ली ही अठरा वर्षांची गायिका करणार होती. ती लहान वयात मांतुआला आली तेव्हा मोंतेवेर्दीच्याच घरी राहून शिकली होती. मार्च 1608 मध्ये देवीच्या आजाराने ती गेली. तालमी सुरू असताना नवी अरिआन्ना शोधावी लागली. ती मिळाली नाटकमंडळीत: व्हिर्जिनिआ आंद्रेइनी, रंगमंचावरचं नाव ‘फ्लोरिंदा’. तिने सहा दिवसांत भूमिका पाठ केली, असं तेव्हाच्या पत्रात आहे. गाणं अभिनेत्रीच्या तोंडी आलं, हा योगायोग मला फार मोलाचा वाटतो. प्रयोगाच्या अधिकृत वृत्तांतात लिहिलंय की तिथे बसलेल्या एकाही स्त्रीला डोळे कोरडे ठेवता आले नाहीत. दरबारी वृत्तांत लिहिणाऱ्याला कौतुक करायचेच पैसे मिळतात हे मान्य, पण या विलापाच्या नकला पुढची कित्येक दशकं निघत राहिल्या. त्या काही कुणी सांगितलं म्हणून निघाल्या नाहीत.

त्या विलापात ती नेमकं काय म्हणते?

‘लाशातेमी मोरिरे’, मरू द्या मला, इथून सुरुवात. या दोन शब्दांवरची मोंतेवेर्दीची ओळ आधी अर्धा स्वर वर सरकते, मग कोसळते. एवढंच असतं तर तो एक चांगला हुंदका ठरला असता. खरी करामत पुढे आहे.

ती समोर नसलेल्या माणसाशी बोलते. ‘ओ तेसेओ, ओ तेसेओ मिओ’. मग स्वतःच खुलासा करते: हो, माझाच म्हणणार तुला, नजरेआड पळालास तरी माझाच आहेस. मागे वळून बघ, म्हणते. तू अथेन्सला आनंदात पोचशील, मी इथे श्वापदांच्या तोंडी जाईन. हेच का ते वचन? हाच का तो मुकुट? प्रश्नांमागून प्रश्न, आणि समुद्र गप्प.

मग संताप फुटतो. वादळांनो, वाऱ्यांनो, त्याला लाटांखाली बुडवा. समुद्रातल्या राक्षसी माशांनो, त्याच्या शरीराने खोल डोह भरून टाका. सूर तुटक होतात, शब्द एकमेकांवर आदळतात. आणि शापाच्या ऐन भरात ती थांबते. काय बोलून गेले मी? ते भयंकर बोल सोडणारी मी नव्हेच. माझा क्लेश बोलला, दुःख बोललं, जीभ बोलली हो, पण काळीज नाही बोललं.

प्रेमभंगाचं गाणं म्हणजे उदास चाल, ही आपली समजूत इथे मोडते. सोडून दिलेला माणूस सलग दुःखी नसतोच. तो वाद घालतो, हिशेब मांडतो, शिव्या देतो, लगेच त्या परत घेतो. रिनुच्चिनीने हे वळण लिहिलं आणि मोंतेवेर्दीने त्या वळणाला चाल दिली. ठरलेला ठेका नाही, परत परत येणारं धृपद नाही. सुरांनी बोलण्यामागे धावायचं. सन 1616च्या डिसेंबरमध्ये एका पत्रात मोंतेवेर्दी कुरकुरला की नव्या संहितेत माझ्याकडून वाऱ्यांना गायला लावताहेत, आणि वारे तर बोलत नाहीत. अरिआन्ना लोकांना हलवू शकली कारण ती बाई होती, आणि ओर्फेओ (त्याच्याच आधीच्या ऑपेराचा नायक) हलवू शकला कारण तो माणूस होता, वारा नव्हता. बोलणारा माणूस असल्याशिवाय त्याचं संगीत सुरूच होत नसे.

बाकीचा ऑपेरा ऐकायला मिळेल का?

नाही. 1640 मध्ये व्हेनिसला तो पुन्हा रंगमंचावर आला होता, पण त्याचं संगीत हरवलं. संहिता छापील असल्यामुळे वाचता येते. विलाप तेवढा वाचला, आणि तोही मोंतेवेर्दीने तीन रूपांत ठेवला म्हणून. 1614च्या सहाव्या संग्रहात त्याचं पाच आवाजांचं मॅड्रिगल आहे. 1623 मध्ये एकल रूप छापलं गेलं. आणि 1640-41च्या ‘सेल्वा मोराले’ या धार्मिक संग्रहात तीच चाल लॅटिन शब्दांत मरियमच्या तोंडी येते, क्रुसाखाली उभ्या असलेल्या आईचा आक्रोश म्हणून. थीसिअसच्या जागी येशू. कुणाला हे खटकेल, पण चाल जराही कमी पडत नाही.

सहाव्या संग्रहातच प्रेयसीच्या थडग्यापाशी रडणाऱ्या प्रियकराची लांबलचक रचना आहे. ती मार्तिनेल्लीच्या स्मरणार्थ मांतुआच्या ड्यूकने करवून घेतली होती. एकाच पुस्तकात ती मुलगी आणि तिची हुकलेली भूमिका शेजारीशेजारी आहेत.

चार स्वरांची ती प्रसिद्ध खर्जाची ओळ कोणती?

पेटी असेल तर वाजवून बघा: मधला सा, मग मंद्र सप्तकातले कोमल नी, कोमल ध आणि प. संथपणे, सारख्या लयीत, पुन्हा पुन्हा. मोंतेवेर्दीच्या 1638च्या आठव्या संग्रहातल्या ‘लामेंतो देल्ला निन्फा’ची, म्हणजे वनकन्येच्या विलापाची, हीच बैठक आहे. ही ओळ चौतीस वेळा येते आणि एकदाही बदलत नाही.

कविता पुन्हा रिनुच्चिनीचीच. मूळ रूप साधं: कडवं, मग ‘बिचारी’ असं धृपद, पुन्हा कडवं. मोंतेवेर्दीने ते मोडून टाकलं. आधी तीन पुरुष सांगतात की पहाटेच्या आधी एक मुलगी घराबाहेर आली. मग ती गाऊ लागते: प्रेमदेवा, त्या लबाडाने दिलेलं वचन कुठे गेलं? त्याला होता तसा परत आण, नाहीतर मला मारून टाक. पुरुषांचं ‘बिचारी, बिचारी’ आता धृपदासारखं आपल्या जागी येत नाही, तिच्या बोलण्यात मध्येच मिसळतं. ते तिला ऐकतात, हळहळतात, आणि तिच्या कामाला काहीच येत नाहीत.

मग मत्सर. ती दुसरी माझ्याहून देखणी असेल, पण एवढी निष्ठा तिच्या उरात नाही. त्या ओठांना असली गोड चुंबनं तिच्याकडून कधी… आणि इथे ती स्वतःला दटावते: गप्प, गप्प बस, तुला पुरतं माहीत आहे. अरिआन्नासारखीच ही अर्ध्या वाक्यात अडते. फरक खालच्या स्वरांचा. अरिआन्नाखालची जमीन तिच्याबरोबर हलते. हिच्याखालची ढिम्म राहते. तिची ओळ खर्जाच्या फेऱ्यांशी जुळत नाही, उशिरा संपते, लवकर सुरू होते, घासते. संगीतकाराची सूचनाही छापलेली आहे: मुलीने हाताच्या तालावर नाही, मनाच्या भावनेच्या लयीत गावं. खाली पक्का ठेका आणि वर मोकळी लय हे भारतीय कानाला पटकन कळतं. पाश्चात्त्य शिस्तीत वाढलेल्या गायिकांना तेच सोडवायला वर्षं लागतात.

‘नियम मोडले’ म्हणून वाद झाला होता, तो कशावरून?

जोव्हान्नी मारिआ आर्तूसी नावाच्या पंडिताने 1600 साली मोंतेवेर्दीच्या अजून न छापलेल्या मॅड्रिगलांतले विसंवादी स्वर वेचून दाखवले. त्यात ‘क्रूदा आमारिल्ली’ होतं. शब्द ग्वारीनीचेच, निष्ठुर आमारिल्लीला उद्देशून. तयारी न करता आदळणारे विसंवाद त्याला चुका वाटले. 1607 मध्ये मोंतेवेर्दीच्या भावाने उत्तर छापलं: या नव्या पद्धतीत शब्द मालकीण आहेत, स्वरमेळ त्यांची दासी. आर्तूसीची चेष्टा करायची पद्धत आहे, पण त्याचे कान तिखट होते. त्याने बोट ठेवलं ते नेमकं दुखऱ्या जागेवर.

या सगळ्या बायकांचं दुःख पुरुषांनीच लिहिलं का?

बरंचसं, हो. रिनुच्चिनी, मोंतेवेर्दी, दरबारात बसलेले राजे. बाईने रडावं आणि सुंदर रडावं ही मागणी त्यांचीच होती. फेरारात ड्यूक आल्फोन्सो दुसरा याने 1580 पासून उत्तम गायिकांचा ताफा बाळगला होता आणि त्यांचं गाणं निवडक पाहुण्यांनाच ऐकू देई. त्यातली आन्ना ग्वारीनी ही कवी ग्वारीनीची मुलगी. 1598 मध्ये तिच्या नवऱ्याने तिचा खून केला.

पण दोन नावं विसरू नयेत. गास्पारा स्ताम्पा (सुमारे 1523–1554) ही व्हेनिसमधली कवयित्री आणि नावाजलेली गायिका. काउंट कोल्लाल्तीनो दी कोल्लाल्तो तिला सोडून फ्रान्सच्या लढायांवर गेला आणि तिच्याकडचा ओढा विसरला. तिने तीनशेच्या आसपास कविता लिहिल्या, बहुतेक त्याच्यावर. पेत्रार्काचाच साचा, पण वाट पाहणारी आता बाई. आणि तिला आपल्या दुःखाचा चक्क अभिमान आहे: मी जितकं प्रेम केलं तितकं करण्याची त्याची कुवत नव्हती. तिच्या मृत्यूनंतर त्याच वर्षी बहीण कासांद्राने कविता छापल्या.

दुसरी बार्बरा स्त्रोत्सी (1619–1677). कवी जूलिओ स्त्रोत्सीची दत्तक, बहुधा औरसबाह्य, मुलगी. 1644 ते 1664 या वीस वर्षांत तिने आठ संग्रह प्रसिद्ध केले. स्वतः लिहायचं, स्वतः गायचं. 1651 मधल्या ‘लेराक्लीतो आमोरोसो’मध्ये ज्याच्यावर भरवसा ठेवला त्याच्याच ठायी निष्ठा मेली म्हणून रडणं आहे, आणि खाली तेच उतरते चार स्वर. 1659 मधलं ‘लाग्रिमे मिए’ त्याहून धीट. तिथे बोलणारा पुरुष आहे. त्याच्या लीदियाकडे त्याने पाहिलं, तिने दयेने एक नजर दिली, म्हणून तिच्या बापाने तिला कोंडून ठेवलंय. तो आपल्याच आसवांना विचारतो, अडलात का, वाहत का नाही? सूर वरून अडखळत, टोचत खाली येतो आणि खर्जाचा स्वर जागचा हलत नाही. बाई पुरुषाचं रडणं लिहिते आणि गाते. शतकभर उलटं चालत आलेलं, तिने सुलटं केलं.

जेझुआल्दोने बायकोचा खून केला म्हणून त्याचं संगीत इतकं वेदनेचं आहे का?

कार्लो जेझुआल्दो हा मॅड्रिगल लिहिणारा संगीतकार. खून खरा: नेपल्स, ऑक्टोबर 1590, पत्नी मारिआ द’आव्हालोस आणि तिचा प्रियकर. त्याचं ‘मोरो, लास्सो’ हे वेदनेचं मॅड्रिगल 1611 मधलं, एकवीस वर्षांनंतरचं. मधल्या काळात त्याने फेरारातली सगळ्यात नवी स्वरयोजना जवळून ऐकली होती. त्याचे विचित्र स्वरमेळ तिथल्या प्रयोगांना टोकाला नेतात. खुनाची गोष्ट सांगून तिकिटं खपतात, एवढंच.

दिदोचं काय? तीही सोडलेलीच ना?

तीही. कार्थेजची ही राणी, तिला ईनिअस सोडून गेला. पण इटालियन ऑपेराने तिला दोन वेगळे शेवट दिले. काव्हाल्लीच्या 1641च्या ‘ला दिदोने’त संहिताकार बुसेनेल्लोने तिला वाचवलं आणि नाकारलेल्या राजा यार्बासशी तिचं लग्न लावून दिलं. व्हेनिसचे प्रेक्षक तिकीट काढून येत होते, त्यांना कदाचित तेच हवं होतं. 1724 मध्ये नेपल्सला मेतास्तासिओने ‘दिदोने आब्बान्दोनाता’ लिहिली. तिच्यात राणी जळत्या राजवाड्यात उडी घेते. ही संहिता पन्नासहून अधिक संगीतकारांनी बांधली. एवढे वेगवेगळे सूर एकाच बाईला एकाच आगीत पाठवतात, याला काय म्हणावं!

इटालियन येत नाही. ऐकायला कुठून लागावं?

‘लामेंतो देल्ला निन्फा’पासून. सहा मिनिटांच्या आसपासची रचना आहे आणि खालचे चार स्वर कानाला धरून ठेवतात. मग ‘आह दोलेन्ते पार्तीता’, मग स्त्रोत्सी. अरिआन्ना शेवटी, आणि शब्द समोर ठेवूनच. अर्थ ओळीगणिक माहीत नसेल तर ती निव्वळ संथ वाटेल आणि कंटाळा येईल. ती कुठे शाप देते आणि कुठे परत घेते, एवढ्या दोन जागांवर पेन्सिलीने खूण केली तरी पुरे. स्वरलिप्या मोफत मिळतात, त्यांच्या कॉपीराइटचा काळ कधीच संपलाय.

गाणं शिकतोय. क्लासमध्ये ‘लाशातेमी मोरिरे’ दिलंय. हेच का ते?

हेच, पण फक्त पहिला तुकडा. विद्यार्थ्यांच्या प्रचलित संग्रहांत छापलेली पियानोची भरगच्च साथ एकोणिसाव्या शतकातल्या संपादकांच्या पद्धतीची आहे. मोंतेवेर्दीने गायिकेखाली एकच खर्जाची ओळ लिहिली होती, वरचं वादकाने तिथल्या तिथे भरायचं. परीक्षेसाठी संग्रहातलं गा. मात्र शिक्षकांना विचारून 1623चं पूर्ण रूप मिळवा आणि ‘ओ तेसेओ’पासून पुढे चाल न लावता आधी नुसतं मोठ्याने बोलून बघा, कुठे श्वास तुटतो ते टिपून ठेवा, आणि गाताना श्वास तिथेच घ्या.